भिंतीची ओल झाकू नका, मूळ शोधा

पावसाळा ओसरला की गवंडी आणि रंगारी यांच्या कामाचे दिवस सुरू होतात. दुकानदार सांगतो, "भिंतीचे पोपडे निघालेत. जरा खरवडून सिमेंट मारा आणि वरून ऑइल पेंट द्या." काम होते, पैसे दिले-घेतले जातात, भिंत चकचकीत दिसते. पुढच्या वर्षी त्याच भिंतीवर पोपडे पुन्हा हजर! बहुधा पहिल्यापेक्षा हातभर अधिक उंचीवर. मालक म्हणतो, गवंड्याने सिमेंट कमी घातले. गवंडी म्हणतो, भिंतच खराब आहे. दोघांत कटुता येते आणि तिसऱ्या वर्षी दुसरा गवंडी येऊन तेच काम तसेच करून जातो.

मुंबईतील जुन्या चाळींच्या तळमजल्यावरची दुकाने, भिवंडी-मालेगावचे लूम कारखाने, कोकणातील चिरेबंदी घरे आणि आपल्या कितीतरी मशिदी व मदरसे यांत हा प्रकार वर्षानुवर्षे चालू आहे. आमच्या मते अशा भांडणात बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे चुकीचे असते. खरी चूक निदानात असते. जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीचे मूळ पायाजवळ असते आणि उपचार मात्र भिंतीच्या अंगावर केला जातो. त्यातही सिमेंट आणि ऑइल पेंट हा उपचार असा आहे की, त्याने रोग वाढतो. हे कसे घडते आणि त्यावर काय करावे, याची माहिती आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना असावी म्हणून हा लेख.

पाणी वर कसे चढते?

कंदिलाची वात तेलात बुडवली की तेल आपोआप वर चढते. वीट, जांभा दगड, माती व चुना यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य बारीक छिद्रे असतात. पायाजवळची जमीन ओली असली की त्या छिद्रांतून पाणी वातीतल्या तेलाप्रमाणे भिंतीत वर ओढले जाते. शाळेच्या पुस्तकात याला केशाकर्षण म्हणतात.

मग पाणी छपरापर्यंत का पोहोचत नाही? कारण खालून पाणी ओढले जात असतानाच भिंतीच्या दोन्ही अंगांनी ते वाफ होऊन हवेत जात असते. जेवढे चढते तेवढे उडून जाऊ लागले की ओल त्या उंचीवर थांबते. साध्या भिंतीत ही उंची बहुधा जमिनीपासून सुमारे १ मीटर, म्हणजे कमरेएवढी असते. भिंत जाड असेल किंवा वाफ निघण्यास जागा नसेल, तर ओल त्याहून वर जाते.

आता भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा केला, त्यावर ऑइल पेंट दिला किंवा कमरेपर्यंत चकचकीत टाइल्स बसवल्या, तर काय होईल? खालचे पाणी चढायचे थांबणार नाही, पण त्याची बाहेर पडण्याची वाट बंद होईल. मग ते पाणी जिथे उघडी भिंत सापडेल तिथपर्यंत वर जाईल. पोपडे दरवर्षी हातभर वर सरकतात त्याचे कारण हेच आहे.

लोणा म्हणजे काय?

जमिनीतील पाणी एकटे येत नाही. त्यात विरघळलेले क्षारही येतात. समुद्रकिनारी मिठाचे क्षार असतात. जिथे पूर्वी गोठा, संडास किंवा उघडी मोरी होती तिथे सोऱ्याच्या जातीचे क्षार असतात. खाऱ्या वाळूत बांधकाम केले असेल, तर भिंतीच्या पोटातच मीठ असते. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. गिलाव्याच्या छिद्रांत त्यांचे स्फटिक वाढतात आणि आतून ढकलून रंग व गिलावा फोडतात. भिंतीवर दिसणारा पांढरा बुरा, ज्याला आपण लोणा म्हणतो, तो हाच.

लोणा किती नुकसान करू शकतो हे पाहायचे असेल तर सिंधमधील मोहेंजोदडोकडे पाहावे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या शहराच्या पक्क्या विटांचा जमिनीतून आलेल्या क्षारांमुळे भुगा होऊ लागला. ते वाचवण्यासाठी १९७४ साली युनेस्कोने जगाला आवाहन केले. भूजलाची पातळी खाली नेण्यासाठी तेथे नळविहिरी खोदाव्या लागल्या. भाजलेली वीटही जिथे टिकत नाही, तिथे रंगाच्या एका हाताने काय होणार?

या क्षारांची आणखी एक खोड आहे. त्यांपैकी काही हवेतील दमटपणा स्वतःकडे ओढून घेतात. त्यामुळे खालून येणारे पाणी बंद केले तरी लोणा लागलेला जुना गिलावा पावसाळ्यात पुन्हा ओला दिसतो. तो काढून टाकल्याशिवाय काम पुरे होत नाही.

ओल कोणती, हे आधी ठरवा

भिंतीवरची प्रत्येक ओल जमिनीतून आलेली नसते. थापी हाती घेण्यापूर्वी गवंड्याने पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) जमिनीतून चढलेली ओल तळमजल्यावरच असते. ती जमिनीपासून सुरू होऊन वर एका सलग, वेड्यावाकड्या पट्ट्याने संपते. त्या पट्ट्याजवळ लोणा व पिवळट डाग असतात. उन्हाळ्यात ती कमी झाली तरी पूर्ण जात नाही.

२) पाऊस पडल्यावर एक-दोन दिवसांत उमटणारा आणि उघडीप मिळताच सुकणारा डाग बाहेरून शिरलेल्या पावसाचा असतो. बाहेरच्या गिलाव्याची भेग, फुटकी पन्हळ, खिडकीची पट्टी हे तेथे तपासावे.

३) पावसाशी संबंध नसलेला, एकाच जागी बारा महिने राहणारा डाग बहुधा नळाच्या गळतीचा किंवा मोरीचा असतो. मोरीत रंगीत पाणी ओतून पाहावे. भिंतीवर रंग उमटला तर चोर सापडला.

४) बंद, हवा नसलेल्या खोलीत कोपऱ्यांना काळी बुरशी येते. ती हवेतील वाफ थंड भिंतीवर बसल्याने. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. स्वयंपाकघरात वापरतात तो ॲल्युमिनियमचा पातळ कागद हातभर घ्यावा, भिंतीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दोन दिवसांनी पाहावे. पाण्याचे थेंब कागदाच्या बाहेरच्या अंगावर आले तर ओल हवेची. आतल्या अंगावर आले तर भिंतीची.

ओल मोजणारे दोन सुयांचे यंत्र घेऊन काही विक्रेते येतात आणि आकडा दाखवून घाबरवतात. लक्षात ठेवावे की भिंतीत क्षार असले की हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त ओल दाखवते. केवळ त्या आकड्यावर हजारो रुपयांचे काम देऊ नये.

मशिदीच्या बाबतीत आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगू. भिंतीला ओल दिसली की विश्वस्त मंडळी रंगासाठी वर्गणी सुरू करतात. त्याआधी वुजूखान्याचा निचरा तपासावा. नळाखालची नाली फुटलेली असेल किंवा हौद झिरपत असेल, तर शेकडो नमाजींच्या वुजूचे पाणी दिवसातून पाच वेळा पायात मुरत असते. नाली दुरुस्त न करता रंग देणे म्हणजे लोकांच्या वर्गणीचा अपव्यय होय.

रस्ता वर आला, जोते खाली गेले

आपल्या जुन्या बांधणाऱ्यांना हे शास्त्र पुस्तकातून ठाऊक नसेल, पण अनुभवाने ठाऊक होते. त्यांनी जोती उंच ठेवली, पायाला घट्ट काळा दगड घातला आणि भिंतीला चुन्याचा गिलावा दिला. मग त्याच इमारती आता का ओलावतात?

एक मोठे कारण दारासमोरच आहे. दुरुस्तीच्या प्रत्येक फेरीत रस्त्यावर डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर चढतो. गल्लीत पेव्हर ब्लॉक बसतात. दोन पायऱ्या चढून जायच्या दुकानात आता एक पायरी उतरून जावे लागते. म्हणजेच ज्या भिंतीला जमिनीच्या वर राहायचे होते ती जमिनीत गाडली गेली. अंगणाला शहाबादी फरशी किंवा कोबा केल्यामुळे जमिनीतील ओलीला वर निघायची वाट उरली नाही. ती भिंतीतूनच वाट काढते. बाहेरची माती व फरशी आतल्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर खाली असलीच पाहिजे. कित्येक ठिकाणी एवढ्या एका कामानेच भिंत सुधारते आणि त्यास एक बिगारी व दोन दिवस पुरतात.

जुन्या भिंतीवर उपाय

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. स्वस्त आणि मुळाशी जाणारे काम आधी, महागडे काम शेवटी.

प्रथम पाणी तोडावे. पन्हळी, पावसाच्या पाण्याचे पाइप, मोऱ्या आणि गटारे दुरुस्त करावीत. छपराचे पाणी पायाशी पडू न देता लांब सोडावे.

दुसरे, बाहेरची जमीन खाली घ्यावी आणि तिला भिंतीपासून दूर उतार द्यावा. जागा असेल तर भिंतीलगत उथळ चर खणून त्यात खडी भरावी आणि चराचे पाणी गटाराकडे न्यावे. चर पायाच्या खाली नेऊ नये. इमारतीस धोका होतो.

तिसरे, सिमेंटचा गिलावा व ऑइल पेंट ओलीच्या वरच्या रेषेपेक्षा फूटभर अधिक उंचीपर्यंत काढून टाकावा. विटांमधील भुसभुशीत झालेल्या दरजा पाऊण इंच खोल खरवडाव्यात. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा आणि सुपलीत गोळा करून बाहेर टाकावा. भिंत धुऊ नये. धुतल्याने क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

चौथे, भिंत सुकू द्यावी. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. ब्रिटनमधील बांधकामाच्या जाणकारांचा ठोकताळा असा की, भिंतीच्या दर १ इंच जाडीला सुकण्यास सुमारे १ महिना लागतो. म्हणजे ९ इंची भिंतीला ९ महिने. आपल्याकडे मध्ये पावसाळा येतो, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून हे काम दिवाळीनंतर लगेच हाती घ्यावे आणि उन्हाळा पुरता वापरावा. पुराच्या पाण्यात भिजलेल्या भिंतींनाही हाच नियम लागू आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाडच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. अशा प्रसंगी धंदा लवकर सुरू करण्याची निकड आम्ही समजू शकतो. पण ओल्या भिंतीवर घाईने केलेला सिमेंटचा गिलावा ते पाणी आत कोंडून ठेवतो.

पाचवे, नवा गिलावा चुन्याचा करावा. १ भाग चांगला विरवलेला चुना आणि ३ भाग स्वच्छ गोडी वाळू हे साधे प्रमाण आहे. ओलसर जागी वाळूचा काही भाग कमी करून सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी, घातल्यास चुना चांगला धरतो. थर पातळ द्यावेत. एक थर घट्ट झाल्यावरच दुसरा द्यावा आणि आठवडाभर हलके पाणी शिंपडून तो सावकाश वाळू द्यावा. वर चुन्याची सफेदीच द्यावी. हा गिलावा वाफेला वाट देतो. क्षार त्यात जमतात आणि काही वर्षांनी तो खराब होतो, हे खरे. पण गिलावा बदलता येतो, भिंत बदलता येत नाही. कळीचा चुना विरवताना तो उकळतो व उडतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असल्याशिवाय हे काम कोणी करू नये.

एवढे करूनही ओल राहिली तर रसायनाची वाट धरावी. यात जोत्याजवळच्या एका आडव्या दरजेत सुमारे १२ मि.मी. रुंदीची छिद्रे १०० ते १२० मि.मी. अंतरावर पाडतात आणि त्यांत पाणी झिडकारणारे सिलेन जातीचे मलम किंवा द्रव भरतात. सरळ थरांच्या विटांच्या भिंतीत याचा उपयोग होऊ शकतो. दगडमातीच्या जाड, आत पोकळ्या असलेल्या भिंतीत रसायन सारखे पसरत नाही. तेथे पैसे खर्च करण्यापूर्वी जाणत्या इंजिनिअरचा सल्ला घ्यावा.

नव्या बांधकामात काय करावे?

नवे घर किंवा गाळा बांधताना ओल रोखणारा थर जोत्याच्या पातळीवर घालणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे. १:२:४ प्रमाणाचे काँक्रीट ४० मि.मी. जाडीने, भिंतीच्या पूर्ण रुंदीवर, कोठेही खंड न पाडता घालावे. त्यात आय.एस. २६४५ या भारतीय मानकाचे वॉटरप्रूफिंग द्रव्य मिसळावे. ते सुकल्यावर दर चौरस मीटरला सुमारे १.७ किलो या हिशेबाने गरम डांबराचा हात द्यावा. हा थर बाहेरच्या जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर असावा. पुढे रस्ता वर येणार हे गृहीत धरून जोतेच उंच घेतले तर अधिक चांगले. बाहेरचा गिलावा या थरावरून खाली जमिनीपर्यंत सलग नेऊ नये. नाहीतर पाणी त्या गिलाव्यातून थराला वळसा घालून वर चढते. आमच्याकडील कित्येक नव्या इमारती याच एका चुकीने ओलावल्या आहेत.

माल सांभाळा

भिंत सुधारेपर्यंत धंदा थांबवता येत नाही. कापडाचे तागे, सुताची गाठोडी, किराण्याच्या गोणी, चामड्याचा माल आणि हिशेबाच्या वह्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. भिंतीपासून फूटभर आणि जमिनीपासून चार ते सहा इंच अंतर लाकडी फळ्यांवर ठेवावे, म्हणजे मागून हवा खेळेल. ओल्या भिंतीवर प्लायवूड ठोकून दुकान सजवणे टाळावे. मागे बुरशी आणि वाळवी वाढते आणि ती कळते तेव्हा फर्निचरही गेलेले असते. ओल्या भिंतीवरचे स्विचबोर्ड हलवून घ्यावेत आणि आर.सी.सी.बी. स्विच बसवून घ्यावा. येथे प्रश्न मालाचा नसून जिवाचा आहे.

व्यवहाराची बाजू

या विषयाला एक दीनी बाजूही आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण अनेकदा ऐकली आहे. ओली भिंत रंगवून दुकान विकणे किंवा भाड्याने देणे हे त्या ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरण्यासारखेच आहे, याचा विचार आपण किती वेळा केला? इस्लामी फिकहमध्ये लपवलेला दोष उघडकीस आला तर सौदा रद्द करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. त्याला 'खियारुल ऐब' म्हणतात. दोष सांगून चार पैसे कमी घेणे यातच बरकत आहे.

कारागिरांवरही तितकीच जबाबदारी आहे. सिमेंट मारून ही ओल जाणार नाही हे ठाऊक असताना केवळ गिऱ्हाईक म्हणते म्हणून काम करणे योग्य नव्हे. मालकाला आधी कारण सांगावे. कोणते काम करणार, किती दिवस लागतील आणि कशाची हमी देता येणार नाही, हे कागदावर लिहून द्यावे. "शंभर टक्के ओल जाईल" असे कोणी म्हणत असेल, तर मालकाने सावध व्हावे. मालकानेही भिंत सुकेपर्यंत थांबावे आणि गवंड्याचे निदानाचे कष्ट मजुरीत धरावेत. नुसत्या चौरस फुटाच्या दराने काम दिले की गवंडी चौरस फूटच मोजणार; तो मोरी तपासत बसणार नाही.

यात रोजगाराचीही वाट आहे. चुन्याचे काम जाणणारे गवंडी कमी होत चालले आहेत. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी मात्र चुनाच लागतो. तेथे सिमेंट चालत नाही. आपल्या वस्त्यांतील ज्या वृद्ध मिस्त्रींना चुना विरवणे, सुरखी मिसळणे आणि गिलावा घोटणे येते, त्यांच्या हाताखाली तरुणांनी दोन हंगाम काम करावे. मशिदीच्या विश्वस्तांनी दुरुस्तीचे काम काढले तर ते या तरुणांना शिकण्याची संधी म्हणून द्यावे. इमारत वाचेल आणि हुन्नरही वाचेल.

येत्या उन्हाळ्यात रंगाचा डबा आणण्यापूर्वी आपल्या दुकानाच्या, घराच्या आणि मोहल्ल्यातील मशिदीच्या भोवती एक फेरी मारावी. पाणी कोठे मुरते, जमीन कोठे वर आली आहे, कोणती नाली फुटली आहे, ते पाहावे. या फेरीला एक पैसाही लागत नाही. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या व्यवहारात सचोटी कायम ठेवो.